नापास ट्रान्झिस्टरांचा ठेका

१९८० साली दोन ड्रम मशिन बाजारात आली. अमेरिकेत रॉजर लिन यांनी बनवलेल्या एलएम-१मध्ये खऱ्या ड्रमचे ध्वनी चिपवर साठवलेले होते आणि किंमत होती जवळपास ५,००० डॉलर. जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-८०८ सुमारे १,२०० डॉलरला मिळे. पण त्यात खऱ्या ड्रमचा एकही ध्वनी नव्हता, होती ती नुसती विद्युत मंडलं. साहजिकच ८०८चा ढोल ढोलासारखा वाजेना. तीन वर्षांत सुमारे १२,००० यंत्रं बनली आणि उत्पादन थांबलं. नक्कल म्हणून ते फसलंच, आणि माझ्या मते त्यातच त्याचं नशीब उघडलं.

त्याच्या बास ड्रमची करामत झोपाळ्यासारखी आहे. झोपाळ्याला एकच झोका द्या, तो आपल्या ठरलेल्या गतीने हलत राहतो आणि हळूहळू थांबतो. इथे विजेचा एक क्षणिक ठोका मंडलाला बसतो आणि ते साधारण ५० हर्ट्झला घुमू लागतं. (मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहिलेल्यांच्या छातीला ५० हर्ट्झ म्हणजे काय ते ठाऊक असतं!) पहिल्या क्षणी सूर किंचित वर असतो, मग खाली सरकतो. डग्ग्यावर मनगट दाबून वादक सूर सरकवतो, त्याची दूरची आठवण व्हावी.

'डिके'चं बटण फिरवलं की बाहेर पडणारा आवाज थोडा पुन्हा मंडलात फिरवला जातो आणि घुमार लांबतो. बटण टोकाला नेलं, की ढोल ढोल राहत नाही, खर्जाचा लांब स्वर होतो. संगीतकारांनी नेमकं तेच केलं. पुढे हा घुमार ध्वनिमुद्रित करून, वरखाली सुरांत वाजवून त्यावर गाण्याची अख्खी बास-रेषाच उभी राहू लागली.

मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ बाहेर पडत नाहीत. तरी हा घुमार तिथे ऐकू येतो, कारण ध्वनितंत्रज्ञ तो मुद्दाम ॲम्प्लिफायरच्या ताकदीपलीकडे रेटतात. लहरींचे माथे कापले जातात, त्यातून १५०, २५० हर्ट्झचे उपस्वर उमटतात आणि गायब असलेला मूळ खर्ज आपला मेंदू स्वतःच भरून काढतो.

८०८मधली काउबेल म्हणजे गाईच्या गळ्यातली घंटा तर गंमतच आहे. साधारण ५४० आणि ८०० हर्ट्झच्या दोन चौकोनी लहरी एकत्र केल्या की ती वाजते. ५४०ला षड्ज धरला तर पंचम ८१०ला हवा. म्हणजे हा पंचम जरा उतरलेला! चौकोनी लहरींच्या उपस्वरांची त्यात भर पडते आणि कानाला धातू जाणवतो.

एलएम-१लाही कलाकारांनी सरळ वाजू दिलं नाही. त्यातल्या प्रत्येक ध्वनीचा सूर बदलता येई. चिपवरचे आकडे सावकाश वाचले की टेप हळू फिरवल्यासारखा ध्वनी खाली उतरतो आणि लांबतो. अमेरिकन गायक प्रिन्सने असे उतरवलेले ठोके गिटारच्या पेडलमधून काढले. त्याच्या 'व्हेन डव्ह्ज क्राय' या गाण्यातली ती लाकडी टकटक त्यातूनच आली.

मुंबईतही एकाने ८०८ला भलत्याच कामाला लावलं. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये ८०८च्या ठेक्यावर आणि टीबी-३०३ या बास-यंत्राच्या साथीने भैरव, तोडी, यमन, मालकंस वाजवले. रेकॉर्ड फारशी खपली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोहून 'ॲसिड हाउस' हे टीबी-३०३वरचं नृत्यसंगीत आलं. २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चक्रावले: तसंच संगीत मुंबईत पाच वर्षं आधी वाजून गेलं होतं.

८०८चं उत्पादन का थांबलं, याचं उत्तर रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनीच नंतर दिलं. त्यातल्या सळसळत्या आवाजासाठी ते मुद्दाम तपासणीत नापास झालेले ट्रान्झिस्टर विकत घेत. मग कारखाने सुधारले आणि पुरेसे सदोष ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले.