पैनगंगेत कयाक घालण्याआधी: पाण्यावरची ती सरळ रेष

बरेच जण विचारतात, "कयाकिंगसाठी कोलाडच गाठायचं का? आपल्या यवतमाळला नदी नाही का?" आहे ना! पैनगंगा आहे, वर्धा आहे. पण उतरण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, ती म्हणजे बंधारा.

आधी दोन शब्द क्लिअर करू. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचं. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. कॅनो वरून उघडी असते आणि तिच्या वल्ह्याला एकच पातं. खोड कोरून केलेला आपला डोंगा म्हणजे कॅनोच की! विदर्भातले भोई, ढिवर पिढ्यान् पिढ्या तो चालवत आलेत.

आता फरक बघा. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर. ते बहुतेक सकाळी येतं, त्यामुळे ट्रिप आखता येते. पैनगंगेवर इसापूर धरण आहे. तिथलं पाणी शेतीच्या आणि पुराच्या हिशोबाने सुटतं, आपल्या वीकेंडच्या नाही. म्हणून पावसाळ्यात उतरायचंच नाही. दिवाळीनंतर जा, तेही पाणी सुटणार आहे का ते विचारून.

पावसाळा संपला की कोल्हापुरी बंधाऱ्यांची दारं लावतात. पाणी अडतं आणि मागे लांबवर संथ पसरतं. नवशिक्यांसाठी एकदम मस्त! पण त्याच संथ पाण्याच्या शेवटी भिंत असते.

गेल्या हिवाळ्यात मी हवा भरायची कयाक घेऊन उतरलो होतो. समोर पाण्यावर फक्त एक आडवी, सरळ रेष दिसत होती. मला वाटलं, नदी वळत असेल. तेवढ्यात काठावरून एक डोंगेवाले काका ओरडले, "भाऊ, थांबा! समोर बंधारा आहे, पाणी मांगं ओढते!"

मागे कसं ओढेल? पाणी तर पुढेच जातं ना? मलाही तेव्हा कळलं नव्हतं. होतं असं: भिंतीवरून पडलेलं पाणी थेट तळाला जातं आणि थोडं पुढे जाऊन वर येतं. त्यातलं काही पृष्ठभागावरून परत भिंतीकडे वळतं. म्हणजे वॉशिंग मशीनसारखं गोल फिरत राहतं. त्यात सापडलेली बोट किंवा माणूस पुन्हा पुन्हा भिंतीकडे खेचला जातो. फेसात हवा जास्त असल्याने तरंगणंही अवघड. लाइफ जॅकेट असूनही सुटका होईलच असं नाही. भिंत चार-पाच फुटांची असली तरी हेच होतं. आणि वरच्या बाजूने हे काहीच दिसत नाही, दिसते फक्त ती रेष.

म्हणून हे लक्षात ठेवा:

• आदल्या दिवशी काठाने चालत जा. बंधारे मॅपवर मार्क करा.
• रेष दिसायची वाट बघू नका. बंधाऱ्याच्या बरंच आधी काठाला लागा आणि बोट उचलून पलीकडे न्या. खालच्या बाजूनेही भिंतीजवळ जाऊ नका.
• सहस्रकुंड धबधब्याच्या आसपास बोट नकोच. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाची परवानगी लागते.
• लाइफ जॅकेट घालून, बकल लावूनच बसा. पोहता येत असलं तरी. एकटे जाऊ नका.

सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. नदी आपलीच आहे, पण ती ओळखीचा मुलाहिजा ठेवत नाही.

मी त्या दिवशी काकांचं ऐकलं, म्हणून आज हा एपिसोड करतोय. तुम्हीही उतरण्याआधी काठावरच्या डोंगेवाल्याला विचारा. भेटू पुढच्या भागात!