एक दिवसाची डोंगरयात्रा

पुणेंकरांस डोंगर शोधावयास दूर जावें लागत नाहीं. पर्वतीच्या पायऱ्या चढून निरभ्र सकाळीं नैर्ऋत्येकडे दृष्टि टाकली, कीं सिंहगड समोर उभा असतो. पहाटे निघून दिवेलागणीस घरीं परतावें इतक्या अंतरावर सिंहगड, लोहगड, भाजें व कार्लें हीं स्थळें आहेत. आणि तीं पाहण्यासाठीं परमुलखांतील लोक मुद्दाम येतात. तथापि पुण्यांतील किती घरांतील सर्व माणसें यांपैकीं एखाद्या ठिकाणीं एकदां तरी मिळून गेलीं असतील? मुलें मित्रांबरोबर जातात, कर्ते पुरुष कचेरींतील मंडळींबरोबर जातात, आजी घर राखते, आणि जिनें पहाटे उठून दशम्यांची शिदोरी बांधली ती सून दारांतूनच मागें फिरते. एका चुलीवर जेवणारें कुटुंब सहलीच्या दिवशीं मात्र विभक्त होतें!

असें होण्याचें कारण उघड आहे. आपण डोंगराची निवड घरांतील सर्वांत चपळ पावलाकडे पाहून करितों. ती सर्वांत मंद पावलाकडे पाहून केली, तर कोणासहि घरीं बसावें लागत नाहीं. दुसरें असें कीं, एका दिवसांत तीन स्थळें उरकण्याचा हव्यास धरूं नये. एक दिवस आणि एक डोंगर, एवढें पुरे.

प्रथम सिंहगड घेऊं. शहरापासून हा सुमारें ३० किलोमीटर असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें १३०० मीटर आहे. येथें जाण्यास दोन वाटा आहेत, आणि हीच एकत्र कुटुंबाची मोठी सोय होय. तरुणांनीं व शाळकरी मुलांनीं पायथ्याच्या आतकरवाडींतून पायवाटेनें चढावें. वृद्धांनीं व लहानग्यांनीं मोटारीनें घाटरस्त्यानें वर यावें. आणि पुणें दरवाजाशीं उभयतांची गांठ पडावी. चढून आलेल्या नातवाच्या हातीं आजीनें ताकाचा पेला द्यावा, यासारखा चढणीचा दुसरा मोबदला नाहीं. दरवाजाच्या आंत थोड्या पायऱ्या आहेतच. तेथें मात्र हात धरावयास एक जण नेमून ठेवावा.

गडावर पिठलें-भाकरी, कांद्याचीं भजीं व मडक्यांतील दहीं मिळतें, आणि तें रुचकर असतें यांत शंका नाहीं. परंतु सिंहगड म्हणजे भजीं, एवढाच संस्कार घेऊन मूल घरीं आलें तर तो दिवस फुकट गेला असें मी समजतों. जेवणापूर्वीं त्यास पश्चिमेच्या कड्याशीं, कठड्यापासून अंतर राखून, न्यावें. १६६५ सालच्या पुरंदरच्या तहानें हा कोंढाणा मोगलांकडे गेला आणि ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसऱ्यांनीं प्राण वेंचून तो परत मिळविला, हें पुस्तकांत वाचणें निराळें व कडा डोळ्यांनीं पाहणें निराळें. घोरपडीची कथा लोकांच्या तोंडीं आहे. पण त्या उभ्या खडकाकडे एकवार पाहिलें म्हणजे मुलाच्या आपोआप ध्यानीं येतें, कीं येथें घोरपडीपेक्षां मनुष्याच्या बोटांचें व छातीचेंच काम अधिक होतें. १७०० सालीं राजाराममहाराज याच गडावर निवर्तले. त्यांच्या समाधीपुढें क्षणभर उभें राहावें. लोकमान्य टिळक विश्रांतीस येत तें घरहि येथेंच आहे. मग दक्षिणेकडे व पश्चिमेकडे तोंड करून पुरंदर, राजगड व तोरणा हे ओळखण्यास मुलांस सांगावें. हे गड एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यांत कां आहेत, हा प्रश्न त्यांनीं आपण होऊन विचारला, तर इतिहासाचा अर्धा धडा झाला.

ज्यांना चढण मुळींच नको त्यांनीं मळवलीचा रस्ता धरावा. लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलगाडींतून मळवली स्टेशनावर उतरलें, कीं दक्षिणेस भाजें व उत्तरेस कार्लें. पहिल्या वेळीं भाजें पाहावें. कारण पायऱ्या बेताच्या आहेत, आणि जें पाहावयाचें तें प्राचीनतर आहे. ‘लेणें’ हा आपला शब्द संस्कृत ‘लयन’, त्याचें प्राकृत ‘लेण’, यावरून आला. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत भिक्षूंच्या वर्षावासासाठीं हे निवारे कोरले गेले. येथील चैत्यगृहाचे खांब किंचित् आंत कललेले दिसतात. माझ्या एका धाकट्या विद्यार्थ्यानें ‘खांब वांकडे कां?’ असें विचारलें होतें, आणि प्रश्न फार मार्मिक होता. लाकडी घरांत छपराचा भार खांबांस बाहेर रेटतो, म्हणून सुतार ते आंत कलते रोवीत. डोंगर कोरतांना त्याची गरज नव्हती. परंतु कारागिरांचा हात लांकडाची संवय विसरला नाहीं. परंपरा म्हणजे काय, हें समजावयास याहून सोपें उदाहरण मला आढळलेलें नाहीं.

कार्ल्याचें चैत्यगृह पुढच्या खेपेस पाहावें. तें आंतून सुमारें १२४ फूट लांब असून भारतांतील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठें आहे. छताखालच्या लांकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत. वैजयंतीचा भूतपाल नांवाचा श्रेष्ठी आपल्या लेखांत या शैलगृहास जंबुद्वीपांत उत्तम म्हणतो; आंत पाऊल टाकल्यावर त्याचा अभिमान अस्थानीं वाटत नाहीं. खांबांवर धेनुकाकट येथील यवनांचींहि दानें कोरलेलीं आहेत. लेण्याच्या दारींच एकवीरा देवीचें देऊळ आहे; कोळी-आगरी बांधवांची व अनेक घराण्यांची ती कुलस्वामिनी. चैत्री यात्रेच्या दिवसांत तेथें मोठी गर्दी असते, म्हणून वृद्धांना घेऊन जाणारांनीं तो काळ टाळावा. लोहगड हा थोरल्या मुलांचा वांटा. एकामागून एक चार दरवाजे व विंचूकाट्याची अरुंद सोंड पाहून त्यांचे पाय दुखतील, पण मन थकणार नाहीं. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या बारा किल्ल्यांत लोहगडाचा समावेश आहे.

आतां पावसाळ्याविषयीं स्पष्ट बोलणें अवश्य आहे. आषाढ-श्रावणांतच हे डोंगर सर्वांत सुंदर दिसतात, व माणसें दगावतात तींहि त्याच दिवसांत. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजीं कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांनीं भरलेला असतां कोसळला व चौघांचा अंत झाला. हीं सर्व आपल्यासारखींच, सुटीच्या दिवशीं आनंदानें निघालेलीं माणसें होतीं. वरच्या पठारावर पडलेला पाऊस खालीं उभ्या असलेल्यास दिसत नाहीं. ओढा मात्र कांहीं मिनिटांत फुगतो. स्वच्छ पाणी एकाएकीं गढूळ झालें, कीं कोणाचीहि वाट न पाहतां कांठ गांठावा. खरें पाहतां प्रवाहांत उतरूंच नये. धबधबा हें दुरून घ्यावयाचें दर्शन आहे. ज्यांस धीर धरवेल त्यांनीं भाद्रपद-आश्विनांत जावें. पाऊस ओसरलेला असतो, उतारांवर सोनकी पिवळीधमक फुलते व तेरडा गुलाबी रंग भरतो. रविवार टाळतां आला तर घाटांतील मोटारींची रांगहि टळते.

शिदोरींत दशम्या, चटणी, काकडी व माणशीं दोन लिटर पाणी असावें. नेलेलें प्लास्टिक मोजून परत आणावें. हें काम सर्वांत धाकट्यास द्यावें, म्हणजे तें चोख होतें.

शेवटीं घरांतील कर्त्या मंडळींस एक विनंति. येत्या सुटीचा बेत करितांना पहिला प्रश्न ‘कोठें जावयाचें?’ हा नसावा. ‘घरीं कोण राहणार?’ हा असावा. त्याचें उत्तर ‘कोणी नाहीं’ असें येईपर्यंत डोंगर बदलीत जावें. आपल्या सह्याद्रींत डोंगरांची वाण नाहीं. आजीच्या गुडघ्यांस मात्र दरसाल एक वर्ष अधिक होत असतें.