सूर्य टपावर, आपण कासारसाईला!

गाडीतच घर थाटायचं आणि वीज आपली आपण बनवायची... ऐकायला एकदम कूल! पण सोलर पॅनल घेण्याआधी एक कागद आणि एक पेन घ्या. दोन हिशेब मांडायचे आहेत. पहिला चुकला तर अंधार होतो, दुसरा चुकला तर आग लागते. आमचे दोन्ही चुकले होते!

रात्रीचे साडेअकरा. कासारसाई धरणाचा काठ. नोव्हेंबरची मस्त थंडी, पाण्यापलीकडे हिंजवडीच्या दिशेनं आकाशात पसरलेला उजेड आणि दादाच्या व्हॅनमध्ये आम्ही चौघं. दादा, वहिनी, बाबा आणि मी. बाबांना खोकल्याची उबळ आली म्हणून वहिनीनं गरम पाण्यासाठी इलेक्ट्रिक किटली लावली. मिनिटभरानं इन्व्हर्टर पीं-पीं करायला लागला. पाठोपाठ जळक्या प्लॅस्टिकचा वास. बेडखालून धूर!

दादानं पान्हा घेऊन बॅटरीची वायर काढली तेव्हा तिचं लाल आवरण मेणासारखं लोंबत होतं. आग लागली नाही, हे नशीब. पण गाडीतली सगळी वीज गेली आणि त्याबरोबर बाबांचं सीपॅप मशीनही बंद पडलं.

आता हे सीपॅप काय, ते सांगते. बाबांना स्लीप अॅप्निया आहे. झोपेत श्वास मधेच थांबतो. तो थांबू नये म्हणून हे मशीन रात्रभर मास्कमधून हवेचा दाब देत राहतं. म्हणजे आमच्यासाठी वीज ही चैन नाही. प्लग नाही तर झोप नाही. म्हणूनच गेली चार वर्षं बाबा ट्रेकर मित्रांबरोबर कुठे मुक्कामाला गेले नव्हते. ती रात्र त्यांनी उघड्या दाराशी खुर्चीत बसून काढली. सकाळी एवढंच म्हणाले, ‘अगं, ट्रिप छान झाली. पुढच्या वेळी मी घरीच थांबतो.’

ते वाक्य दादाला आणि मला दोघांनाही लागलं. मग ठरवलं, ही सिस्टिम नीट समजून घेऊन पुन्हा करायची.

गीझरची वायर, किटलीचा घात

आमचं काम केलेले वायरमन काही अडाणी नव्हते. घरांचं वायरिंग करण्यात त्यांची हयात गेलेली. मी फोन केला तर म्हणाले, ‘ताई, अडीच एमएमची चांगली वायर टाकलीय. तुमच्या घरी गीझरला तीच असते!’

बरोबर आहे. घरी ती चालतेच. मग इथे काय झालं?

शाळेतलं एक साधं सूत्र आठवा : वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. घरात २३० व्होल्ट असतात. २००० वॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर घेतो. गाडीतली बॅटरी मात्र १२ व्होल्टची. त्यावर इन्व्हर्टर लावून १००० वॅटची किटली चालवली की बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरमधून ८०-९० अँपिअर धावतात. म्हणजे गीझरच्या निम्म्या ताकदीची किटली, पण करंट जवळजवळ दसपट! आणि वायर तापते ती करंटच्या वर्गानं. करंट दसपट तर उष्णता शंभरपट. आमच्या त्या मीटरभर लांबीच्या वायरजोडीत शंभर वॅटहून जास्त उष्णता तयार होत होती. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, म्हणजे करा विचार!

गंमत म्हणजे एक लिटर पाणी उकळायला लागणारी वीज फार नसते, जेमतेम १०० वॅट-अवर. बॅटरीला ती सहज झेपते. झेपली नाही ती वायरला. इथेच आमची ट्यूब पेटली. दिवसभरात किती वीज लागते, हा एक हिशेब. त्यावरून पॅनल आणि बॅटरी ठरते. एका क्षणी किती करंट धावतो, हा दुसरा हिशेब. त्यावरून वायर आणि फ्यूज ठरतो. सोलर घेताना सगळे पहिल्या हिशेबाबद्दल बोलतात, दुसऱ्याबद्दल कुणीच नाही.

हिशेब पहिला : दिवसाची वीज

एका रविवारी दादा आणि मी वही घेऊन बसलो. प्रत्येक वस्तूचे वॅट गुणिले तास. आमची यादी अशी झाली :

सीपॅप ३५ वॅट, ८ तास : २८०
१२ व्होल्टचा पंखा २५ वॅट, ८ तास : २००
चार एलईडी दिवे, ४ तास : ८०
१२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज, दिवसभर : अंदाजे ४००
लॅपटॉप, ३ तास : १५०
तीन मोबाइल : ४५
पाण्याचा पंप, १५ मिनिटं : १५

बेरीज ११७० वॅट-अवर. बॅटरीत भरताना आणि काढताना थोडी वीज वाया जाते, म्हणून २० टक्के जास्त धरले. झाले १४००.

आता ऊन. पुण्यात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला साधारण ५ तासांचं ‘पूर्ण’ ऊन धरतात. १४०० भागिले ५ म्हणजे २८० वॅट. पण थांबा! टपावर पॅनल आडवं झोपलेलं असतं, त्यावर धूळ बसते आणि ते तापतं. पॅनल जितकं तापेल तितकी वीज कमी. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का घट. उन्हाळ्यात पॅनल ६५ अंशांना पोचलं की तेरा-चौदा टक्के तिथेच गेले! म्हणून छापील आकड्याच्या ७० टक्केच मिळतील असं धरलं. २८० चे झाले ४००. दोनशे-दोनशेची दोन मोनोक्रिस्टलाइन पॅनल्स. टप आणि पॅनलमध्ये दोन बोटं फट ठेवली, खालून वारा खेळायला.

आणि पावसाळा? मुळशीचा पाऊस तुम्हाला वेगळा सांगायला नको. दाट ढगांत पॅनल कधी कधी क्षमतेच्या १०-२० टक्क्यांवर येतं. जुलैतल्या वीकेंडसाठी आणखी पॅनल टपावर चढवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा डीसी-टू-डीसी चार्जर लावा. इंजिन चालू असताना अल्टरनेटरवरून घरची बॅटरी भरत राहते. पुण्याहून महाबळेश्वर गाठेपर्यंत बऱ्यापैकी भरलेली!

बॅटरी : इन्व्हर्टरवाली नको रे बाबा!

आपल्याकडे पहिला विचार हाच येतो. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आहेच की, ती टाकू. आम्हीही तेच केलं होतं. पण एक तर ती पन्नास किलोच्या वर. निम्म्याहून खाली सारखी उतरवली तर लवकर म्हातारी होते, म्हणजे १८०० वॅट-अवरपैकी वापरायच्या ९००च. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. ज्या बंद केबिनमध्ये आपण झोपतो, तिथे बेडखाली ही बॅटरी? नाही म्हणजे नाहीच.

आता आमच्याकडे लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची बॅटरी आहे. एकूण २५६० वॅट-अवर. ८० टक्के वापरली तरी २०५०. म्हणजे ऊन अजिबात नसलं तरी दीड दिवस निभावतो. लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा हा प्रकार तापण्याच्या बाबतीत बराच शांत डोक्याचा. फक्त आत बीएमएस म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणारं सर्किट हवंच. आणि स्पिती-लडाखचं स्वप्न असेल तर लक्षात ठेवा, शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते. अख्ख्या सिस्टिममध्ये सगळ्यात महाग हीच. पण बचत करायची तर फ्रीज छोटा घ्या, बॅटरी स्वस्तातली नको.

हिशेब दुसरा : क्षणाचा करंट

दुसऱ्या खेपेला खरेदीसाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो ते वहीत आकडे लिहूनच. प्रत्येक वायरसमोर तिचा करंट, लांबी आणि फ्यूज.

टपावरून कंट्रोलरपर्यंत : दोन्ही पॅनल्स सिरीजमध्ये जोडली. म्हणजे व्होल्टेज दुप्पट होऊन ४० च्या आसपास, करंट मात्र १० अँपिअरच. ४ एमएमची सोलर केबल पुरली. सिरीजचा तोटा एकच, एका पॅनलवर झाडाची सावली पडली की दोघांच्याही कामावर परिणाम होतो. आमचा मुक्काम मोकळ्या माळावर, म्हणून चाललं. तुम्ही आंब्याखाली गाडी लावणारे असाल तर पॅरलल जोडणी घ्या, वायर थोडी जाड घ्या.

कंट्रोलर : पॅनलची वीज बॅटरीला मानवेल अशी करून देणारा हा डबा. पीडब्ल्यूएम स्वस्त, पण सिरीजमधलं जास्तीचं व्होल्टेज तो वाया घालवतो. एमपीपीटी त्याचं करंटमध्ये रूपांतर करतो. ४०० भागिले १२.८ म्हणजे ३१ अँपिअर, म्हणून ४० अँपिअरचा घेतला. तिथून बॅटरीपर्यंत १० एमएमची वायर आणि ५० अँपिअरचा फ्यूज.

इन्व्हर्टर : १००० वॅटचा काढून ६०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह आणला, तोही फक्त लॅपटॉपसाठी. ६०-६५ अँपिअर, १६ एमएम वायर, ८० अँपिअरचा फ्यूज. सीपॅप आता इन्व्हर्टरवर नाहीच. कंपनीचाच १२ व्होल्टचा अडॅप्टर मिळाला, तो थेट बॅटरीच्या लाइनवर, स्वतःच्या वेगळ्या फ्यूजसह. आता इन्व्हर्टर बंद पडला तरी बाबांचा श्वास चालू. मशीनमधला पाणी गरम करणारा भाग बरीच वीज खातो. डॉक्टरांना विचारून तोही रात्रीपुरता बंद ठेवतो.

फ्यूज कशासाठी असतो? मशीन वाचवायला, असं मला वाटायचं. चूक! तो वायर वाचवायला असतो. म्हणून त्याचा आकडा लोडपेक्षा जास्त, पण वायरच्या कुवतीपेक्षा कमी हवा. आणि तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा. त्या वीतभर वायरला कुणीच वाली नसतो. आमच्या पहिल्या वायरिंगमध्ये फ्यूज कुठेच नव्हता.

चौकट : हे विसरू नका!

• घरातले एसी एमसीबी इथे लावू नका. डीसीची ठिणगी सहज विझत नाही. डीसीसाठीचेच एमसीबी मागा.
• लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर प्रचंड करंट सोडते. मेन फ्यूज क्लास टी प्रकारचा घ्या.
• वायर पिळून टेप गुंडाळायची नाही. तांब्याचे लग, नीट क्रिम्प केलेले. गाडी हादरते, सैल जोड तापतो.
• कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. काढताना उलटं. काम करताना पॅनलवर जाड चादर टाका, उन्हात ते चालूच असतं.
• एबीसी पावडरचं अग्निशामक दाराजवळ ठेवा, बेडखाली नाही.
• गॅसवर स्वयंपाक करताना खिडकी उघडी हवी.

आणि आरटीओ?

हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हे ठामपणे सांगितलं. त्यामुळे सीट काढणं, टपाला भोकं पाडणं हे सगळं करण्याआधी आरटीओत विचारा, नंतर नाही. विमा कंपनीलाही कळवा. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, पण म्हणून घरच्या घरी केलेले बदल आपोआप अधिकृत होत नाहीत. आणि हो, २०२४ ची सूर्यघर योजना घराच्या छतासाठी आहे. गाडीच्या टपासाठी सबसिडी मागायला जाऊ नका, हसतील!

पुन्हा कासारसाई

जानेवारीत परत निघालो. बाबांना तयार करायला आठवडा गेला. शेवटी दादानं त्यांना वही दाखवली. बाबा बँकेतले, आकडे पडताळल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांनी बेरीज स्वतः केली, एका ठिकाणी माझी चूक काढली आणि मग म्हणाले, ‘चला.’

मारुंजी, नेरे करत संध्याकाळी पोचलो. बॅटरी शंभर टक्के. रात्री मी दोनदा उठले, वास घेतला, वायरला हात लावून बघितला. गार. बाबांच्या मशीनची बारीक घरघर चालू होती.

सकाळी मॉनिटरवर आकडा होता ७४ टक्के. धरणावर धुकं होतं, ऊन यायला अजून वेळ होता. बाबा आठ तास सलग झोपले होते. बाहेर येऊन आळस देत त्यांनी विचारलं, ‘काय गं, हीच गाडी हरिहरेश्वरला नेली तर पॅनल पुरेल ना?’

पुरेल बाबा. वही आहे ना! आणि सकाळच्या चहासाठी वहिनीनं आदल्या रात्रीच थर्मास भरून ठेवला होता. किटली आता घरीच असते.