'नाइट अँड द सिटी' : किरकोळ गुन्हेगाराच्या अधःपाताची मनोमीमांसा

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत निर्माण झालेल्या काळोख्या, संशयग्रस्त गुन्हेपटांना 'फिल्म न्वार' हे नाव अमेरिकेने दिले नाही. ते फ्रान्सने दिले. युद्धकाळात पॅरिसपर्यंत न पोहोचलेले अमेरिकी चित्रपट १९४६ मध्ये तेथे एकापाठोपाठ एक झळकले आणि निनो फ्रँक या समीक्षकाने त्यांच्यासाठी ही संज्ञा योजिली. 'काळा चित्रपट' हा तिचा शब्दशः अर्थ होय. पुढे १९५५ मध्ये बोर्द आणि शोमतों या लेखकद्वयाच्या ग्रंथाने ती अभ्यासविश्वात स्थिर केली. या चित्रपटांतील खासगी गुप्तहेर आणि पुरुषाला विनाशाकडे नेणारी मोहिनी या दोन व्यक्तिरेखांवर विपुल लेखन झाले आहे. त्यामानाने ज्याला गुन्हेगारीतही मोठे होता आले नाही, असा गल्लीबोळातील भामटा अभ्यासकांच्या दृष्टीने काहीसा उपेक्षित राहिला. ज्यूल्स डॅसिन दिग्दर्शित 'नाइट अँड द सिटी' (१९५०) हा अशाच एका भामट्याचा चित्रपट आहे. त्याचा नायक हॅरी फेबियन याच्या अधःपाताचे स्वरूप उलगडून दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चढणीविना उतार

रॉबर्ट वॉरशो यांनी १९४८ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात चित्रपटातील गँगस्टरला शोकनायक म्हटले होते. गँगस्टर यशाच्या पायऱ्या चढतो, शिखरावर एकटा पडतो आणि तेथून कोसळतो. त्याचे यश हाच त्याचा अपराध ठरतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. हॅरी फेबियनला मात्र ही मांडणी लागू पडत नाही. तो कोठे चढतच नाही. लंडनमधील 'सिल्व्हर फॉक्स' नावाच्या क्लबसाठी परगावच्या पर्यटकांना गोड बोलून गटविणे व तेथे आणून सोडणे, हा त्याचा व्यवसाय. त्याच्या डोक्यात मात्र सतत एखादी योजना शिजत असते. तो प्रथम पडद्यावर दिसतो तोच धावताना, कोणाचे तरी देणे चुकवून. तो शिरतो ते मेरी ब्रिस्टल या त्याच्या प्रेयसीच्या घरात, आणि तेथे त्याचा हात जातो तिच्या पर्समध्ये. अवघ्या काही मिनिटांत डॅसिन यांनी या माणसाची संपूर्ण अर्थव्यवस्था मांडून दाखविली आहे.

रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये मांडलेली 'अ‍ॅनॉमी'ची उपपत्ती येथे उपयोगी पडते. समाज सर्वांसमोर यशाचे एकच ध्येय ठेवतो, परंतु त्याकडे जाणारे सनदशीर मार्ग सर्वांना सारखे खुले नसतात. अशा वेळी काही जण ध्येय स्वीकारतात आणि मार्ग स्वतःच शोधतात. मर्टन त्यांना 'नवप्रवर्तक' म्हणतात. हॅरी या वर्णनात चपखल बसतो. (ज्या जेरल्ड कर्श यांच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारित आहे, तीही १९३८ सालचीच, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.) तथापि, समाजशास्त्र येथे थोडे अपुरे पडते. मेरी त्याला साध्या, कष्टाच्या जीवनाचा मार्ग वारंवार दाखविते. तो मार्ग त्याच्यापुढे बंद नाही. त्याला तो नको आहे. त्याला 'कोणीतरी' व्हायचे आहे, आणि हे कोणीतरी म्हणजे नेमके कोण, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी न्यूनगंड व श्रेष्ठत्वाची धडपड यांचा जो संबंध दाखविला, त्याचे एवढे बोलके उदाहरण चित्रपटमाध्यमात क्वचितच सापडेल. कोटाला खोचलेले फूल, झकपक पोशाख आणि चेहऱ्यावरील अधीर हास्य ही या धडपडीची बाह्य चिन्हे होत. हे हास्य रिचर्ड विडमार्क यांचे. 'किस ऑफ डेथ' (१९४७) या पहिल्याच चित्रपटातील खुनशी हसण्याने ते प्रसिद्धी पावले होते. येथे त्याच हास्यात त्यांनी भीती मिसळली आहे.

प्रामाणिक माणूस आणि नुरा कुस्ती

कथेला वळण मिळते ते कुस्तीच्या आखाड्यात. लंडनमधील कुस्तीचा धंदा क्रिस्टो या गुंडाच्या मुठीत आहे. त्याचे सामने म्हणजे आपल्याकडील नुरा कुस्ती : निकाल ठरलेला, आरडाओरडा प्रेक्षकांसाठी. क्रिस्टोचा वृद्ध पिता ग्रेगोरियस हा एकेकाळचा थोर मल्ल असून ग्रीको-रोमन कुस्तीची परंपरा त्याला प्राणांहून प्रिय आहे. मुलाने मांडलेला तमाशा पाहून तो संतापाने बाहेर पडतो. हॅरी हे हेरतो आणि खऱ्या कुस्तीचा कैवारी असल्याचे सोंग आणून म्हाताऱ्याचा विश्वास संपादन करतो. बापच हॅरीच्या बाजूला असल्याने क्रिस्टोला हात बांधून बसावे लागते. हॅरीच्या आयुष्यातील ही एकमेव खरोखर हुशार खेळी म्हणावी लागेल.

ग्रेगोरियसची भूमिका स्टॅनिस्लॉस झ्बिस्को यांनी केली आहे, आणि कुस्तीप्रेमी मराठी वाचकास हे नाव अपरिचित नसावे. १९१० च्या सप्टेंबरमध्ये लंडन येथे गामा पैलवानांशी अडीच तासांहून अधिक काळ झुंजून बरोबरी साधणारे, आणि ठरलेल्या फेरलढतीस न फिरकलेले पोलिश मल्ल ते हेच. १९२८ मध्ये पतियाळा येथे गामांनी त्यांना एका मिनिटाच्या आत चीत केले. चित्रीकरणाच्या वेळी झ्बिस्को सत्तरीत होते. व्यावसायिक कुस्तीच्या लुटुपुटूच्या रूपाशी त्यांचे नाते वादळी होते : १९२५ मध्ये वेन मन या 'ठरविलेल्या' विजेत्यास त्यांनी फिलाडेल्फियात ठरलेला करार मोडून खरोखरच पाडले होते. म्हणूनच त्यांच्या ग्रेगोरियसमध्ये जो करारीपणा दिसतो, तो केवळ अभिनयकौशल्याने आलेला नाही.

पुढे व्यायामशाळेत 'स्ट्रँगलर' या धटिंगण मल्लाशी ग्रेगोरियसची अकस्मात झुंज जुंपते. हे दृश्य बराच वेळ चालते. धापा, घामाने निथळणारी शरीरे आणि जमिनीवर आपटण्याचे आवाज यांवरच दिग्दर्शकाचा सारा भर आहे. म्हातारा जिंकतो, आणि त्या श्रमाने मुलाच्या मिठीत प्राण सोडतो. चित्रपटातील ही एकमेव खरी कुस्ती होय. हॅरीने खोटेपणाने ज्या खरेपणाची जाहिरात केली, तो खरेपणा प्रत्यक्ष अवतरतो तेव्हा हॅरीचा घात होतो. त्याचा नाश कोणा लबाडाने केला, असे म्हणणे वरवरचे ठरेल. लबाड माणसांशी कसे वागावे, हे त्याला पक्के ठाऊक होते. प्रामाणिक माणूस अपमान झाल्यावर काय करील, याचा हिशेब मात्र त्याच्या कोष्टकात नव्हता.

विश्वासाची उधारी

हॅरीच्या पतनाचे तपशील पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात येते. तो पैसा चोरतो त्याहून अधिक विश्वास चोरतो. क्लबमालक फिल नॉसेरॉस त्याला सांगतो की, दोनशे पौंड तू उभे कर, उरलेले दोनशे मी देईन. हे आश्वासन वास्तविक थट्टेचे असते. हॅरी ते पैसे मिळवितो फिलची पत्नी हेलन हिच्याकडून. नवऱ्याच्या जाचातून सुटून स्वतःचा क्लब काढण्याचे तिचे स्वप्न असते, आणि त्यासाठी लागणारा परवाना मिळवून देण्याचे वचन हॅरी तिला देतो. परवाना तो देतो, पण बनावट. पुढे फिलने हात आखडता घेताच तो मेरीचे घर उलथेपालथे करून तिची शिल्लक उचलतो. परिणामी प्रत्येक योजनेमागे एक माणूस उद्ध्वस्त होतो. हेलन परवान्याचा कागद निरुपयोगी ठरल्यावर नवऱ्याकडे परतते, तो फिलने आत्महत्या केलेली असते आणि मालमत्ता एका फूलविक्या म्हातारीच्या नावे करून ठेवलेली असते. हेलन आणि फिल यांची ही उपकथा काहीशी घाईत उरकली आहे, हे मान्य करावे लागेल.

येथे चित्रपटातील सर्वांत कठोर उपरोध दिसून येतो. ज्या माणसाला आयुष्यभर दोनशे पौंड उभे करता आले नाहीत, त्याच्या डोक्यावर क्रिस्टो एक हजार पौंडांचे बक्षीस लावतो. शहराने हॅरीची किंमत प्रथमच मान्य केली, ती मेलेला हॅरी म्हणून. त्यानंतर एका रात्रीत लंडनचे रूप पालटते. काल ज्यांच्याशी त्याची सलगी होती, त्यांच्या नजरेत आता आकडा दिसू लागतो. भिकाऱ्यांना नकली व्यंगे पुरविणारा फिगलर त्याला आसरा देतो, तो विकण्यासाठीच.

छायालेखक मॅक्स ग्रीन हे मूळचे बर्लिनचे. त्यांचे पूर्वीचे नाव मुट्झ ग्रीनबाम. जर्मन छायालेखनाचा वारसा त्यांच्यासोबत लंडनला आला होता. त्यांनी टिपलेले अरुंद जिने आणि माणसाहून मोठ्या सावल्या हॅरीच्या मनाची कोंडी दृश्यरूप करतात. अनेक न्वारपटांत नायक स्वतःच्या निवेदनातून आणि फ्लॅशबॅकमधून आपल्या ऱ्हासाची कैफियत देतो. येथे आरंभी एक त्रयस्थ निवेदन आहे, परंतु हॅरीची कैफियत कोठेच नाही. त्याचे मानसशास्त्र त्याच्या पायांत आहे. तो धावतो, आणि थांबला की घाबरतो.

काळ्या यादीची सावली

डॅसिन हे नावावरून फ्रेंच वाटले तरी जन्माने अमेरिकी होते. साम्यवादी पक्षाशी असलेल्या पूर्वसंबंधांमुळे हॉलिवूडच्या काळ्या यादीचे संकट त्यांच्यावर घोंघावत होते. ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्सचे प्रमुख डॅरिल झॅनक यांनी त्यांना लंडनला धाडले आणि खर्चिक प्रसंग आधी चित्रित करण्याचा सल्ला दिला. म्हणजे स्टुडिओला चित्रपट मध्येच बंद करणे परवडू नये. ही आठवण डॅसिन यांनी पुढे मुलाखतींतून सांगितली आहे. जीन टिअर्नी यांच्यासाठी भूमिका निर्माण करण्याची सूचनाही झॅनक यांचीच होती, आणि मेरीची व्यक्तिरेखा पटकथेत किंचित उपरी का वाटते, याचे उत्तर त्यात सापडते. १९५१ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे एडवर्ड डमिट्रिक या सहव्यावसायिकाने डॅसिन यांचे नाव घेतले. त्यानंतरचा त्यांचा महत्त्वाचा चित्रपट, 'रिफिफी' (१९५५), फ्रान्समध्ये घडला.

या पार्श्वभूमीवर बक्षिसासाठी माणूस विकणाऱ्या शहराची कथा ही तत्कालीन अमेरिकेचे रूपक म्हणून वाचण्याचा मोह होतो. तो सावधपणे आवरावयास हवा. चित्रपट त्या साक्षीच्या आधीचा आहे, आणि हॅरी हा काही विचारांसाठी छळला गेलेला निरपराध मनुष्य नव्हे. फार तर एवढे म्हणता येईल की, मित्रांच्या नजरा कशा बदलतात याची चाहूल दिग्दर्शकास लागली होती.

शेवटची योजना

पहाटे थेम्सकाठी, हॅमरस्मिथ येथील अ‍ॅना ओ'लिअरी या ओळखीच्या वृद्धेच्या आश्रयास हॅरी येतो. अखेर तो दमला आहे. मेरी तेथे पोहोचते, तेव्हा त्याच्या डोक्यात पुन्हा एक कल्पना चमकते : मेरीनेच आपल्याला पकडून दिले असे भासवायचे, म्हणजे हजार पौंड तिला मिळतील. तो मोठमोठ्याने तिच्यावर विश्वासघाताचा आरोप करीत पुलाच्या दिशेने, मारेकऱ्यांसमोर धावत सुटतो. स्ट्रँगलर त्याला गाठतो, गळा आवळतो आणि प्रेत नदीत फेकतो.

या कृतीकडे हॅरीची पापमुक्ती म्हणून पाहता येते. आयुष्यात प्रथमच त्याने दुसऱ्यासाठी काही योजिले, हे खरेच आहे. परंतु बारकाईने पाहिल्यास ही योजनाही त्याच्या अन्य योजनांच्याच जातीची आहे. तीच घाई, तेच नाटक, आणि समोरच्या व्यक्तीला काय हवे आहे हे न विचारण्याची तीच सवय. मेरीला हजार पौंड नको होते. तिला तो जिवंत हवा होता. मरणाच्या दारातही हॅरीला प्रेम व्यक्त करण्यासाठी सौद्याखेरीज दुसरी भाषा सापडत नाही. त्याच्या अधःपाताची खोली मोजावयाची असेल तर ती गुन्ह्यांच्या यादीत न शोधता येथे शोधावी लागेल. ही शेवटची योजनाही फसते. पोलीस स्ट्रँगलरला ताब्यात घेतात. पुलावर उभा राहून हे सारे पाहणारा क्रिस्टो हातातील सिगारेट टाकून निघून जातो, आणि मेरीच्या हाती काहीही पडत नाही.