झडीत न गंजणारी रायफल

पर्लकोटा नदी फुगली की भामरागडच्या बाजारात पाणी शिरतं, रस्ते बंद होतात आणि झड आठ-आठ दिवस हटत नाही. अशा दिवसांतही पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-६० पथकाचे जवान जंगलात असतात. १९९० साली गडचिरोलीत उभ्या राहिलेल्या या पथकाच्या अंगावरचे कपडे वाळत नाहीत, बुटांना बुरशी येते. खांद्यावरची रायफल तर पोलादाची! उघड्या पोलादावर असल्या हवेत एका रात्रीत तांबूस डाग उमटतात. मग ती काळीच्या काळी कशी राहते?

रंग दिलाय म्हणून, असं वाटेल. पण रंग आपल्या लोखंडी फाटकालाही असतोच की! दोन पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघतात. कारण गंज रंगावर येतच नाही, तो रंगाखालून पसरतो. कुठे तरी टवका उडतो, तिथून पाणी आत शिरतं, हातांच्या घामातलं मीठ त्याला मदत करतं. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. ती तो रंगाला वर ढकलून मिळवतो. पोपडा म्हणजे खालून झालेली ही ढकलाढकली.

म्हणून रायफलीच्या भागांना थेट रंग देतच नाहीत. आधी त्यांना उकळीच्या जवळ आलेल्या फॉस्फरिक आम्लाच्या पाण्यात बुडवतात. त्यात जस्ताचे किंवा मँगनीजचे क्षार विरघळलेले असतात. आम्ल पोलादाला खायला लागतं. वाचवायची वस्तू आम्लात टाकायची, हा काय उलटा न्याय? पण गंमत पुढेच आहे. खाता खाता पोलादाला लागून असलेलं आम्ल खर्ची पडतं. नेमक्या त्या इवल्या पट्ट्यात आम्लपणा उतरतो आणि फॉस्फेटला विरघळून राहणं जमत नाही. ते स्फटिक होऊन पोलादावरच उगवू लागतं. काही मिनिटांत सगळा भाग करड्या, खरखरीत स्फटिकांनी झाकला जातो. हा थर वरून चोपडलेला नाही, पोलादाशीच झालेल्या अभिक्रियेतून तो तिथे रुजलेला आहे. सोलून काढणार तरी कसा?

इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेटनं १९०६ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. १९१५ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटला पार्कर कंपनी निघाली आणि बंदूकवाल्यांच्या तोंडी ‘पार्करायझिंग’ हे नाव बसलं. पण फॉस्फरसची ही करामत आपल्याकडे सोळाशे वर्षं उघड्यावर उभी आहे! मेहरौलीचा लोहस्तंभ कोळशाच्या भट्टीतल्या लोखंडाचा. त्यात फॉस्फरस भरपूर राहून गेला. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं, की त्याच फॉस्फरसमुळे स्तंभावर फॉस्फेटचं पातळ कवच तयार झालंय.

आता रंग. खरखरीत स्फटिकांच्या फटींत तो शिरतो आणि जागोजाग पकडून बसतो. मग सगळा भाग भट्टीत जातो. भट्टीत रंग नुसता वाळत नाही. त्यातल्या राळेच्या लांब साखळ्या उष्णतेनं एकमेकींना जोडल्या जातात आणि अखंड जाळं तयार होतं. तूप तापवलं की पातळ होतं, गार केलं की थिजतं, अंडं मात्र एकदा उकडलं की उकडलंच. भाजलेला रंग या अंड्याच्या जातीचा. चंद्रपूरच्या ४६-४७ अंशांच्या उन्हात तो चिकट होत नाही, बंदुकीच्या तेलानं सुटत नाही.

भट्टी मात्र बेतानंच तापवावी लागते, साधारण दीडशे-दोनशे अंशांच्या आसपास. त्याहून फार वर गेलं तर कडक केलेल्या पोलादाचं पाणी उतरू शकतं. आणखी एक नाजूक भानगड असते. आम्लात बुडवताना हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात. फार कडक पोलाद त्यांच्यामुळे ठिसूळ होऊन अवचित तडकू शकतं. म्हणून असे भाग फॉस्फेटनंतर मुद्दाम तापवत ठेवतात, हायड्रोजन हळूहळू निघून जावा म्हणून.

इतकं करून थर झिजतो कुठे? कडांवर. ओला रंग धारदार कडेवरून आपोआप मागे सरकतो, तिथे थर पातळ राहतो. म्हणून कडा आधीच किंचित गोलसर करतात. जिथे पट्टा घासतो, जिथे रोज हात पडतो, तिथेही काळा रंग जाऊन करडेपणा दिसू लागतो. तो दिसला म्हणजे संरक्षण संपलं असं नाही. उघडे पडलेले स्फटिक आता फटींत तेल धरून ठेवतात. चिंधीला लावलेलं थोडंसं तेल तिथे बरेच दिवस टिकतं.

टिकाऊपणा मोजायला प्रयोगशाळेत बंद पेटीत ३५ अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतात आणि गंज किती तासांनी दिसतो ते बघतात. जाहिराती हेच तास मिरवतात. माझा त्यांवर फारसा विश्वास नाही. पेटीत ना पट्टा घासतो, ना चिखल लागतो, ना ऊन-पाऊस आलटून पालटून येतो.

आणि नळीच्या आत? तिथे रंगाचं कामच नाही. गोळी सुटताना आतल्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या पुढे जातं. तिथे क्रोमियमचा मुलामा हवा. व्हिएतनामच्या दमट जंगलात अमेरिकेच्या एम-१६ रायफली अडकू लागल्या. बदललेली दारू हे एक कारण होतं, काडतूस जिथे बसतं ती क्रोमियमविना गंजलेली खोबण हे दुसरं. १९६७ मध्ये त्या खोबणीत क्रोमियम आलं. एके-४७ बनवणाऱ्यांनी ते आधीपासूनच दिलं होतं.