एका हुद्द्याचे आडनाव

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील एखाद्या मध्यम वस्तीच्या गावची मतदारयादी जो कोणी चिकाटीने वाचावयास बसेल, त्यास पहिल्या दोन-चार पृष्ठांतच अशी शंका येऊ लागेल की, छापणाऱ्याने कंटाळून एकच शब्द पुनःपुन्हा लावून दिला असावा. कारण तापीच्या काठी रावेर-यावलात म्हणा, गिरणेच्या खोऱ्यात भडगाव-पाचोऱ्यास म्हणा, अथवा पांझरेच्या बाजूस धुळे-शिंदखेड्याकडे म्हणा, ‘पाटील’ या आडनावाचे असे काही पीक आले आहे की, टपालवाल्यास, तलाठ्यास आणि पतपेढीच्या कारकुनास त्या शब्दाचा उपयोग जवळजवळ नाहीच. व्यवहार मात्र अडत नाही. खानदेशाने त्यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. आडनाव निरुपयोगी ठरले तेव्हा ओळखीचा सारा भार नावाच्या आणि बापाच्या नावाच्या आद्याक्षरांवर आला, आणि ती आद्याक्षरेच कालांतराने संपूर्ण नाव होऊन बसली. शहाद्याचे सहकारमहर्षी पी. के. अण्णा पाटील यांना ‘पी. के. अण्णा’ म्हणून ओळखणारी माणसे हजारोंनी निघतील, पण त्या दोन अक्षरांचा विस्तार विचारला तर त्यांतील कित्येकांना विचारात पडावे लागेल.

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 1948 साली माहितीचे मोजमाप करण्याची जी रीत घालून दिली, तिच्या भाषेत हीच गोष्ट नेमकेपणाने मांडता येते. एखाद्या वस्तीत हजारांतून एकाचेच असणारे आडनाव कानी पडले, तर माणूस ओळखण्याच्या कामी सुमारे 10 ‘बिट’ एवढी माहिती हाती येते; परंतु अर्ध्या गावाचे जे आडनाव, ते सांगितल्याने केवळ 1 बिट मिळतो, म्हणजे नाणे उडवून छापा पडला एवढेच कळल्यासारखे. असे हे आडनाव माहितीच्या दृष्टीने दरिद्री खरे. पण त्याचा इतिहास मात्र श्रीमंत आहे.

‘पाटील’ हे मुळात आडनावच नव्हे, तो हुद्दा आहे. माळव्याच्या परमार राजांनी दहाव्या-अकराव्या शतकांत दिलेल्या ताम्रपटांत, दान दिलेल्या गावच्या ज्या लोकांना उद्देशून राजाज्ञा ऐकविली जाते, त्यांत रहिवाशांबरोबर ‘पट्टकिल’ या अधिकाऱ्याचा निर्देश येतो. त्याच शब्दाची एक शाखा मराठी व कानडी मुलखांत ‘पाटील’ झाली आणि दुसरी गुजरातेत ‘पटेल’. खानदेशात फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस थाळनेरास आपली गादी मांडली, पुढे त्यांच्याच वंशाने बऱ्हाणपूर वसविले, 1601 साली असीरगड अकबराच्या हाती गेला आणि सुभ्याचे नाव शहाजादा दानियालवरून काही काळ ‘दानदेश’ असे झाले. राज्ये अशी पालटत राहिली, तरी गावची जमाबंदी वसूल करून वर भरणारा, पडीत जमिनीस कूळ लावणारा, चोरीचा माग काढणारा आणि रयतेच्या वतीने दिवाणात उभा राहणारा मोकदम पाटील मात्र जागचा हलला नाही. त्याचे वतन वंशपरंपरेचे होते, त्याचा काही भाग विकताही येत असे, आणि भावाभावांत वाटणी झाली की त्याच्या तक्षिमा पडत. जुन्या महजरांवर व निवाडपत्रांवर गोतसभेच्या साक्षी पाहाव्यात, तर कुलकर्ण्याच्या वळणदार मोडी अक्षरांच्या शेजारी निरक्षर पाटलाने सही म्हणून नांगराची आकृती काढलेली आढळते. चार-पाच रेघांचा तो नांगर, आणि त्याच्या बाजूस कुलकर्ण्यानेच लिहिलेले ‘निशाणी नांगर’. गावच्या इभ्रतीचे सारे प्रकरण त्या चार रेघांत सामावलेले असे. होळीची पहिली पूजा आणि पोळ्यास मानाचा पहिला बैल यांवरून जी भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यांचे कागद वाचताना हसू येते खरे, तथापि ज्या समाजात मान हीच मिळकत होती तेथे माणसे दुसऱ्या कशासाठी भांडणार? उत्तरेत राज्य करणाऱ्या महादजी शिंद्यांनीदेखील स्वतःस ‘पाटील’ म्हणवून घेण्यात भूषण मानले.

आता हुद्द्याचे आडनाव होणे ही केवळ आपल्याकडची रीत नव्हे. इंग्लंडात सर्वांत अधिक संख्येने आढळणारे ‘स्मिथ’ हे आडनाव म्हणजे लोहाराचा धंदा. तेथे मध्ययुगात, साधारणतः अकराव्या ते पंधराव्या शतकाच्या दरम्यान, आडनावे गोठून वंशपरंपरेची झाली, आणि प्रत्येक खेड्यात एक तरी लोहार होताच, म्हणून परस्परांशी काडीचाही रक्तसंबंध नसलेल्या शेकडो ठिकाणच्या लोहारांची संतती एकाच नावाखाली आली. गाव तेथे पाटील हा आपला न्याय तसाच आहे. पण गाव तेथे कुलकर्णीही होता, मग खानदेश कुलकर्ण्यांनी का भरला नाही? एक तर एकेका कुलकर्ण्याकडे पुष्कळदा दोन-तीन गावांचे दप्तर असे. दुसरे असे की पाटीलकी ज्या शेतकरी जातींत होती त्या मुळातच संख्येने मोठ्या, आणि त्यांच्यातील वतनाची एक तक्षीम धारण करणाराच नव्हे तर त्याचे चुलत-निमचुलत सारे भाऊबंद स्वतःस पाटील म्हणवीत.

विज्ञानाला आडनावांत रस उत्पन्न झाला तो नेमका या वंशाच्या प्रश्नावरून. 1873 साली फ्रान्सिस गाल्टन याने एका शैक्षणिक नियतकालिकात असा प्रश्न घातला की, प्रत्येक पुरुषास अमुक-अमुक संभाव्यतेने मुलगे होत असतील तर किती पिढ्यांनी त्याचे आडनाव नष्ट होईल. त्याचे गणित हेन्री वॉटसन या धर्मोपदेशकाने सोडविले आणि 1874 मध्ये दोघांनी मिळून ते प्रसिद्ध केले. त्याचा निष्कर्ष, पुढील काळात दुरुस्त होऊन, असा स्थिर झाला की, सरासरीने दर पुरुषामागे एक किंवा त्याहून कमी मुलगा असेल तर नाव आज ना उद्या बुडणारच, आणि एकाहून अधिक असेल तरच ते टिकण्याची काही आशा. याच गणिताने पुढे अणुभट्टीतील न्यूट्रॉनांच्या साखळीचा हिशेब करता आला, हा भाग निराळा. पाटलांच्या बाबतीत मात्र गाल्टनची मूळ अटच मोडते. कारण त्याच्या गणितात नाव केवळ जन्माने मिळते, आणि खानदेशात ते वतनाने, मानाने, शाळामास्तराच्या लेखणीने आणि नुसत्या लोकांच्या तोंडाच्या सवयीनेही मिळत आले आहे. तापीस गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा मिळाव्यात आणि पुढच्या पाण्याला एकच नाव उरावे, तसे हे झाले आहे.

दुसरी कसोटी पाहा. चार्ल्स डार्विन आणि त्याची पत्नी एम्मा ही सख्खी आते-मामेभावंडे. त्यांचा मुलगा जॉर्ज याने, आपल्या आईबापांसारखे विवाह इंग्लंडात किती होतात हे शोधण्यासाठी, 1875 साली एकाच आडनावाच्या वधूवरांची मोजदाद केली. त्यावरून 1965 मध्ये क्रो आणि मँज या शास्त्रज्ञांनी सूत्र बसविले की, समाजातील जितके विवाह समान आडनावाच्या स्त्री-पुरुषांत होतात त्या प्रमाणास चाराने भागावे, म्हणजे अंतःप्रजननाचा गुणांक मिळतो. हे सूत्र आपल्याकडे लावून पाहण्याची मौज आहे. समजा, एखाद्या पंचक्रोशीतील अर्धी लग्ने पाटलांची पाटलांशीच झाली, तर गुणांक येईल एक अष्टमांश. म्हणजे सारी पंचक्रोशी मामा-भाचीच्या लग्नांतून जन्मली असावी असा निर्णय ते निर्विकार सूत्र देऊन मोकळे होईल! प्रत्यक्षात त्या पंचक्रोशीतील लग्ने जुळविणारी वडीलधारी मंडळी आडनावाकडे पाहतच नाहीत. वधूपिता विचारतो ते ‘कोणते पाटील?’ असे, आणि उत्तर येते, ‘आम्ही बोरसे,’ किंवा ‘सोनवणे,’ ‘देवरे,’ ‘पवार,’ ‘सिसोदे’. कुळी भिन्न, देवक भिन्न, गाव भिन्न, म्हणजे पुढची बोलणी सुरू. कित्येक लग्नपत्रिकांत तर दोन्हीकडे पाटील छापून पुढे कंसात कुळीचे नाव घातलेले असते. दाखल्यावर जे लोपले ते पत्रिकेच्या कंसात उरले. लेवा पाटीदार समाजात हीच गोष्ट भंगाळे, नारखेडे, झोपे, कोल्हे, फिरके, नेमाडे, बोरोले अशा खऱ्याखुऱ्या कुलनामांनी साधली जाते.

कोरियात हाच पेच याच रीतीने सोडविलेला आढळतो. तेथे पाचांतील एक मनुष्य ‘किम’ आडनावाचा, आणि किम, ली व पार्क या तिघांत जवळजवळ निम्मा देश संपतो. म्हणून प्रत्येक घराणे आडनावासोबत आपले मूळ पीठही सांगते. गिम्हेचे किम निराळे, ग्योंगजूचे किम निराळे. एकच आडनाव व एकच पीठ असणाऱ्यांच्या विवाहास तेथे कायद्यानेच मनाई होती, ती 1997 साली संविधान न्यायालयाने अग्राह्य ठरविली. आपल्याकडे कायद्याची गरज पडली नाही. आजीच्या स्मरणशक्तीवर काम भागले.

पुरुषांतील वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, आणि आडनावही त्याच वाटेने जाते. तेव्हा दोघांचा मेळ घालून पाहावा असे अनुवंशशास्त्रज्ञांना वाटणे स्वाभाविक होते. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी 2000 साली आपल्याच ‘साइक्स’ आडनावाच्या पुरुषांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतील जवळजवळ निम्म्यांत एकच वाय वंशखूण निघाली. म्हणजे त्या नावाचा मूळपुरुष बहुधा एकच असावा. पुढे लेस्टर विद्यापीठात टूरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 40 आडनावांची तपासणी केली आणि दाखवून दिले की, विरळ आडनावांचे लोक बहुधा एका रक्ताचे निघतात, परंतु स्मिथांमधील दोघांचे साम्य रस्त्यावरील कोणत्याही दोघांहून अधिक नसते. पाटील हे आडनाव याच दुसऱ्या वर्गातले. खानदेशात ते लेवा पाटीदारांत आहे, मराठा-कुणब्यांत आहे, गुजरांत आहे, राजपुतांत आहे, कोळ्यांत आहे. रावेर-यावलकडच्या मुसलमान घराण्यांत तेच ‘पटेल’ या रूपात आहे. भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या, राजपूत घराण्यातल्या; आणि अभिनेत्री स्मिता पाटील शिरपूरच्या मराठा घराण्यातल्या, स्वातंत्र्यसैनिक शिवाजीराव पाटलांच्या कन्या. दोघींना जोडणारी गोष्ट रक्त नव्हे, महसूलखाते आहे.

हीच मीमांसा थोड्या फरकाने खानदेशच्या इतर प्रतिष्ठित आडनावांसही लागू पडते. मोगल अमदानीत परगण्याच्या देशमुखास ‘चौधरी’ म्हणत, तर पेठेच्या व्यापारी मंडळाचा मुख्य तो ‘महाजन’. कवयित्री बहिणाबाई 1880 साली आसोद्यास जन्मल्या त्या महाजनांच्या घरी, आणि जळगावास नांदावयास आल्या त्या चौधरींच्या घरी. शब्दांची आणि नावांची कुळे शोधण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1926 साली धुळ्यास देह ठेवला हे योग्यच झाले म्हणावयाचे. आडनावांच्या अभ्यासकास याहून सोयीचा मुलूख महाराष्ट्रात नाही. त्यांची दप्तरे आजही धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आहेत.

एक प्रश्न उरतो. पुणे-साताऱ्याकडे पाटीलकी चालविणाऱ्यांनी शिंदे, जाधव, मोहिते ही कुलनामेच पुढे ठेवली, फार तर शेवटी पाटील हा किताब जोडला. मग खानदेशात हुद्द्याने कुळास का झाकून टाकले? माझे मत असे की, याचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दैन्यात आहे. होळकरशाहीतील बंडाळी, पेंढाऱ्यांची लूट आणि 1803-04 चा दुष्काळ यांनी हा प्रांत इतका उजाड केला होता की, 1818 मध्ये कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यास येऊन कारभार पाहू लागला तेव्हा गावेच्या गावे ओस पडलेली होती. ती कौल व तगाई देऊन पुन्हा वसवावयाची, तर सरकारास हाताशी हवा होता तो पाटील, आणि गाव वसविणाऱ्याच्या कुळीपेक्षा त्याच्या हक्काला मोल आले. पुढे 1874 च्या वतन कायद्याने वतनदार घराण्यांच्या याद्या पक्क्या केल्या, शाळा निघाल्या, हजेरीपत्रके आली, आणि मास्तराने ‘आडनाव?’ म्हणून विचारल्यावर मुलाने गावात बापाला ज्या नावाने हाक मारतात तेच सांगितले.

महाराष्ट्राबाहेर पाहू गेल्यास विजापूर-कलबुर्गीकडे लिंगायत व इतर पाटील भेटतात, आणि पश्चिमेस भुसावळ-जळगावहून ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने सुरत-उधन्याच्या गिरण्यांत पोटामागे गेलेल्या खानदेशी कुटुंबांनी हे नाव थेट पटेलांच्या राज्यात नेऊन पोचविले. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील 2020 साली गुजरातेत सत्ताधारी पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले. एकाच ‘पट्टकिल’च्या दोन शाखा हजार वर्षांनी उधन्याच्या चाळीत शेजारी-शेजारी राहतात, आणि लग्नात एकमेकांना बोलावतात.

मूळ हुद्दा मात्र संपला. 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद आणि त्याचे वतन रद्द झाले. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे नवे, वंशपरंपरेशी संबंध नसलेले पद आले, ज्याची नेमणूक प्रांताधिकारी लेखी परीक्षा व मुलाखत घेऊन करतात. त्यामुळे आता सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात तडवी, पावरा किंवा भील आडनावाचा दहावी झालेला तरुण, अथवा एखादी सूनबाई, त्या जागेवर बसते. सरकारी कागदावर त्यांचे आडनाव बदलत नाही. पण गाव त्यांना पहिल्या आठवड्यापासून ‘पाटील’ अशीच हाक मारू लागते, आणि त्यांच्या पोरांनाही ‘पाटलाचा पोऱ्या’ म्हणू लागते.