त्या ऑर्गनचे कर्तृत्व कोणाचे?

'प्रोकॉल हॅरम' या इंग्रजी वाद्यवृंदाची 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' ही ध्वनिमुद्रिका मे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे सलग सहा आठवडे ब्रिटनच्या खपाच्या यादीत अग्रस्थानी राहिली. स्वप्न आणि भ्रम यांच्या सीमेवरील शब्दकळेचा तो काळ होता. कीथ रीड यांच्या या गीताचा नेमका अर्थ लावण्याच्या भरीस फारसे कोणी पडले नाही. श्रोत्यांच्या मनात घर केले ते गायनाच्या आधी सुरू होणाऱ्या आणि दोन कडव्यांच्या मध्ये पुन्हा पुन्हा परतणाऱ्या हॅमंड ऑर्गनच्या सुरांनी. त्यांत बाखची छाया आहे, हे जाणकारांनी तेव्हाच ओळखले होते.

मुद्रिकेवर कर्ते म्हणून नावे होती ती रीड व संगीतकार-गायक गॅरी ब्रूकर या दोघांचीच. ऑर्गन वाजविणारे मॅथ्यू फिशर हे गीत रचले गेल्यानंतर वाद्यवृंदात दाखल झाले आणि १९६९ मध्ये बाहेर पडले. कर्तृत्वातील वाट्यासाठी त्यांनी दावा लावला तो २००५ मध्ये, म्हणजे तब्बल अडतीस वर्षांनी!

एवढा विलंब पाहून कोणाही व्यवहारी माणसाच्या मनात संशय येणे स्वाभाविक आहे. तथापि डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ऑर्गनचा भाग ही स्वतंत्र सर्जनशील भर असल्याचे मान्य केले आणि संगीताच्या हक्कात फिशर यांना चाळीस टक्के वाटा दिला. तोही मागील थकबाकीसह नव्हे, तर मे २००५ पासून पुढचा. २००८ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने विचित्र तोडगा काढला: फिशर सहकर्ते खरे, पण उशिरा आल्यामुळे पैशाचे धनी नव्हेत. कर्तृत्व मान्य करून त्याचे फळ नाकारणारा हा न्याय टिकणारा नव्हताच. ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तो एकमताने फिरविला. फिशर गप्प राहिले त्या काळात त्यांच्या वाट्याचे उत्पन्न प्रतिपक्षालाच मिळत राहिले. मग विलंबाने नुकसान कोणाचे झाले, हा तेथील युक्तिवाद आम्हांला निरुत्तर करणारा वाटतो.

या निकालाने प्रत्येक वादक उद्या दावा घेऊन उभा राहील, अशी भीती प्रतिवादींच्या बाजूने व्यक्त झाली होती. ती अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. दिलेले सूर चोख वाजविणे वेगळे आणि नसलेला सूर निर्माण करणे वेगळे, हे तत्त्व सोपे आहे. मात्र तालमीच्या खोलीत चार माणसे एकत्र बसली असता त्यांतील रेषा कोण आखणार? चाळीस हा आकडा तरी कोणत्या तराजूत तोलला गेला? पण मोजमाप कठीण म्हणून वाटाच शून्य, हा न्याय त्याहून वाईट.

मुंबईच्या चित्रपटसंगीताला हा प्रश्न परका नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्सालव्हिस यांच्यासारख्या गोमंतकीय संयोजकांनी पाश्चात्त्य स्वरलिपीत वाद्यमेळाची पाने लिहिली, अंतराळातील सुरावटी सजविल्या. गाण्याचे संगीतकार म्हणून नाव मात्र दुसऱ्याचे. यातील विरोधाभास असा की १९५७ च्या भारतीय कायद्याच्या मूळ व्याख्येत संगीतकृती लिखित वा मुद्रित असणे आवश्यक होते, आणि स्टुडिओत प्रत्यक्ष लिहिणारा बहुधा हा संयोजकच असे. १९९४ च्या दुरुस्तीने लेखनाची ती अट गेली. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांच्या मानधनाला संरक्षण मिळाले. संयोजकाचा त्या दुरुस्तीत नामोल्लेखही नाही.